व्याह्यांचं गिरमिट

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण सौदीतल्या अल-खोबरच्या मराठी मंडळींत याबद्दल अजूनही भलतंसलतं बोललं जातं. सुबोधला मासे धरण्यात कधीही रस नव्हता. तो सांगलीचा, पिढ्यानपिढ्या शाकाहारी, आणि सुरमई व पापलेट यांतला फरक त्याला आजही सांगता येत नाही. त्याचा विषय मासा नव्हताच. त्याचा विषय भोक हा होता.

आणि भोक या विषयात तो अधिकारी माणूस होता. तेलाच्या विहिरी खणणाऱ्या कंपनीत त्याची अर्धी हयात गेली होती. आता त्या विहिरी तो स्वतः खणत नसे, हे खरं. खणताना भोकात जो खास चिखल सोडावा लागतो, त्या चिखलाचा तो इंजिनियर. पण चिखल बिघडला तर कोसभर खोल गेलेलं भोक जागच्या जागी कोसळतं, हे बाहेरच्यांना कुठे ठाऊक असतं? त्यांना चिखल म्हटलं की हसू येतं. म्हणून सुबोध चारचौघांत ‘मी ड्रिलिंगमध्ये आहे’ एवढंच सांगत असे, आणि त्यात खोटं काहीही नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी कॅनडातल्या विनिपेगहून व्हिडिओ कॉल आला. मुलगी संपदा मे महिन्यात लग्न होऊन तिकडे गेली होती. जावई पंकज तिथेच नोकरीला, आणि व्याही अशोकराव बँकेतून निवृत्त झाल्यावर विहीणबाई रेखाताईंना घेऊन मुलाकडे राहायला गेलेले. अशोकराव मूळचे अलिबागचे, म्हणजे मासा हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय.

“सुबोधराव,” अशोकराव म्हणाले, “इथे तळी गोठली ना, की लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात. यंदा म्हणतोय, आपणही बघावं. त्याला एक पॉवर ऑगर लागतो. तुम्ही तर ड्रिलिंगमधले. कुठला घेऊ?”

“घेऊ नका!” सुबोध म्हणाला. “अजिबात घेऊ नका. संपदाच्या पहिल्या संक्रांतीला आम्ही येतोच आहोत. ऑगर मी आणतो.”

टेबलाखालून त्याच्या बायकोनं, क्षमानं, त्याला चिमटा काढला, पण तोपर्यंत शब्द विनिपेगला पोचला होता.

“त्यांनी मागितलं होतं का?” फोन ठेवल्या ठेवल्या क्षमानं विचारलं.

“मागितलं नाही, हेच तर!”

“अहो, ते नुसता सल्ला विचारत होते.”

“क्षमा, व्याही सल्ला विचारत नसतो. व्याही सुचवतो.”

यामागे एक जुनं शल्य होतं. लग्नात अशोकरावांनी मानपान साफ नाकारला होता. ‘आम्हाला काही नको, मुलगी दिलीत, सगळं आलं,’ असं म्हणून त्यांनी सुटाचं कापड हात जोडून परत केलं होतं. आता, मुलीच्या बापाला नाडणारे व्याही जगात पुष्कळ असतात आणि त्यांना निदान मागून शिव्या तरी देता येतात. पण काहीच न घेणाऱ्या व्याह्याचं काय करायचं? त्यात दिवाळसण रजेअभावी हुकलेला. सांगलीच्या सगळ्या आत्या-मावश्यांनी ‘मग संक्रांतीला काय नेणार?’ असं विचारून विचारून सुबोधचं डोकं पिकवलं होतं. एवढ्या महिन्यांत अशोकरावांच्या तोंडून पहिल्यांदा एका वस्तूचं नाव निघालं होतं, आणि ती वस्तू भोक पाडायची होती. सुबोधच्या मते याला दैवी संकेत म्हणतात.

संपदानं संध्याकाळी वेगळा फोन केला. “बाबा, प्लीज, just order it here. Two days मध्ये घरी येतो.”

“आहेर कुरियरनं जातो का गं?” सुबोधनं विचारलं. “हळदीकुंकू लावून हातात द्यायची वस्तू ती. आणि मी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कुठलंही यंत्र व्याह्यांच्या हातात जाणार नाही.”

“बाबा, चालवून कुठे बघणार? You live in Saudi.”

या मुद्द्याकडे सुबोधनं दुर्लक्ष केलं, आणि पुढचं सगळं रामायण या दुर्लक्षातून झालं.

तो रोज ऑफिसातून आला की लॅपटॉप उघडून बसू लागला. जगात किती लोक बर्फाला भोकं पाडतात आणि त्याबद्दल एकमेकांशी किती कडवटपणे भांडतात, याची क्षमाला कल्पना नव्हती. काही पेट्रोलच्या यंत्राचे भक्त, काही बॅटरीचे, आणि दोघे मिळून गॅसच्या नळकांड्याला शिव्या देणारे. सुबोधनं शास्त्रशुद्ध विचार केला. पेट्रोलचं यंत्र दणकट. पण ते एकदा चालवलं की त्याला पेट्रोलचा वास लागतो, आणि वास लागलेलं यंत्र विमानात घेत नाहीत. म्हणजे पारखलं तर नेता येणार नाही आणि नेता येईल असं ठेवलं तर पारखता येणार नाही. गॅसचा प्रश्नच नव्हता. राहिली बॅटरी. तिची भली मोठी बॅटरीही विमानात चालत नाही, पण ती इथे ठेवून तिथे नवी घेता येते.

“म्हणजे अर्धा आहेर इथे आणि अर्धा तिथे,” क्षमा भाजी निवडता निवडता म्हणाली. “आणि ऑगर ऑगर काय करताय? गिरमिटच ना ते?”

“गिरमिट सुताराचं असतं,” सुबोध दुखावून म्हणाला. पण त्या दिवसापासून घरात त्याला गिरमिटच म्हणू लागले, आणि घरातून ते नाव मराठी मंडळात गेलं.

मंडळात गेलं म्हणजे सल्ले आलेच. खालच्या मजल्यावर डॉक्टर अमिता राहत. शेजारच्या दम्माम शहरातल्या एका इस्पितळात त्या हाडांच्या सर्जन. त्या चहाला आल्या आणि बशीतली चकली उचलायच्या आधीच म्हणाल्या, “ड्रिलिंगचं मला विचारा. आम्ही रोज करतो.”

“डॉक्टर, हाडात आणि बर्फात फरक आहे.”

“बर्फ सोपा. तो बिल भरायला कुरकुर करत नाही. माझं ऐका, मशीन अडकलं की हाताला झटका बसतो. मनगटं गेलेली असली पोरं आमच्याकडे येतात. आणि तुम्ही काय, चिखलातले ना?”

सुबोधनं चकलीची बशी शांतपणे स्वतःकडे ओढली. क्षमानं ती परत पुढे सरकवली.

दुसरा सल्लागार नसरुद्दीन. हा दापोलीकडचा, दम्मामच्या मासळीबाजारापाशी एका शीतगृहाचा मुकादम. एका स्नेहसंमेलनात बटाटेवड्यांच्या रांगेत त्याची ओळख झाली होती आणि त्याचं मत असं होतं की बर्फ ही चीज कॅनडावाल्यांना कळत नाही.

“सायब, त्यांचा बर्फ म्हंजे आपसूक झालेला,” तो फोनवर म्हणाला. “आमचा बर्फ केलेला. केलेला बर्फ लई कडक. त्याला भोक पडलं तर कॅनडाला मशीन लोण्यात जाईल. माझी सगळी जिंदगी बर्फात गेली, तुमी मला काय सांगताय?”

सुबोधनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. पण ‘केलेला बर्फ कडक’ हे वाक्य त्याच्या डोक्यात घट्ट बसलं.

अखेर यंत्र ठरलं. आठ इंची पातं, हातभर लांब मळसूत्र, वर मोटर आणि बॅटरी, रंग लाल. परदेशातून मागवलं, आणि ते दम्मामपर्यंत सुखरूप येऊन कुरियरच्या गोदामात अडकलं. सुबोध रजा टाकून तिथे गेला. काउंटरवर हाशिर नावाचा मल्याळी तरुण बसला होता. अतिशय सभ्य मुलगा. सुबोधच्या म्हणण्याप्रमाणे, असली माणसं सभ्य नसती तर बरं झालं असतं, निदान ओरडता आलं असतं.

“साब, ये तो बोरिंग का मशीन है,” हाशिर स्क्रीनकडे बघत म्हणाला. “कुआँ खोदने का. इसके लिए परमिशन चाहिए.”

“कुआँ नहीं. बर्फ. आइस.”

हाशिरनं काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर उन्हात एक मांजर ट्रकच्या सावलीत पडलं होतं. “आइस किधर है, साब?”

“कॅनडा में!”

“तो मशीन इधर क्यों आया?”

या प्रश्नाला सरळ उत्तर होतं, पण ते मानपान, दिवाळसण आणि पहिली संक्रांत यांच्यामधून जात होतं, आणि सुबोधचं हिंदी तिथवर पोचणारं नव्हतं. त्यानं प्रयत्न केला. मुलीचं लग्न सांगितलं. व्याह्यांनी सुटाचं कापड परत केल्याचं सांगितलं. हाशिरनं सगळं सहानुभूतीनं ऐकलं, स्वतःच्या बहिणीच्या लग्नातही असंच झालं होतं म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, “लेकिन साब, सिस्टिम में तीन ही ऑप्शन है. कुआँ, फाउंडेशन और अदर. अदर दबाया तो कंपनी का लेटर मांगता है.”

सुबोध ऑफिसात गेला. कागदपत्रं बघणारी बाई म्हणाली, खाजगी वस्तूसाठी पत्र देता येत नाही. कंपनीची वस्तू असेल तर देता येतं, पण मग वस्तू कंपनीची होईल. सुबोध परत गोदामात आला. हाशिरनं या खेपेला त्याला चहा पाजला. सुबोधनं मासे धरण्याचा उल्लेख केला, तेव्हा हाशिरनं होडीची कागदपत्रं मागितली. होडी नाही म्हटल्यावर तो स्क्रीनवरचे तीन ऑप्शन पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

एवढ्यात आतून त्यांचा साहेब आला. पांढराशुभ्र पायघोळ थोब घातलेला, वयस्क, घाईत असलेला सौदी गृहस्थ. “ऐश हादा?” हे काय आहे, असं त्यानं विचारलं. हाशिरनं खोकं उघडून दाखवलं. साहेबानं ते लाल यंत्र उचललं, मळसूत्रावरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. अल-हसाला त्याची खजुराची बाग होती. रोपांसाठी खड्डे करायला असंच यंत्र तो कधीपासून शोधत होता.

“नख्ल!” तो सुबोधकडे बघून म्हणाला. “खजूर! मजबूत. खलास. यल्ला, बागेचं सामान लिही.”

“नो, नो,” सुबोध पुढे सरसावला. “नॉट बाग. आइस. आठ इंची, स्पेशल—”

हाशिरनं काउंटरखालून त्याच्या गुडघ्यावर पाय मारला. “साब, चुप बैठो.”

बागकामाचं अवजार म्हणून गिरमिट सुटलं. वस्तू हातात आली होती, पण सुबोध गाडीत घरापर्यंत धुमसत राहिला. एवढ्या अभ्यासानं निवडलेलं यंत्र खुरपं आणि झारीच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. क्षमा म्हणाली, “सुटलं ना?” तर तो म्हणाला, “प्रश्न सुटण्याचा नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे.” क्षमानं यावर नेहमीप्रमाणे कुकर लावला.

आता पारख. सुबोधनं घरातलं सर्वांत मोठं पातेलं पाण्यानं भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवलं. जागा करायला त्यानं आतलं सामान बाहेर काढलं, आणि परत ठेवायला विसरला. सामान म्हणजे सांगलीहून आणलेला आमरस, सोललेले पावटे आणि खोवलेला नारळ. त्या दिवशी क्षमा काय बोलली हे इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात व्याही, सुबोध आणि सुबोधचं सगळं घराणं आलं.

पातेलं दगड झाल्यावर त्यानं ते बाल्कनीत ठेवलं, गिरमिट उभं धरलं आणि खटका दाबला. पातं बर्फात शिरलं, घट्ट रुतलं, आणि ज्या अर्थी पातं फिरायचं थांबलं नाही, त्या अर्थी पातेलं फिरू लागलं. आधी जागच्या जागी. मग ते बाल्कनीच्या फरशीवर चालायला निघालं आणि सुबोध दोन्ही मुठी आवळून त्याच्यामागे. कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा झाला, तुळशीची कुंडी थोडक्यात वाचली, आणि क्षमाची काळी साडी, खास संक्रांतीसाठी इस्त्री करून टांगलेली, पहिल्या वेढ्यातच मळसूत्राला गुंडाळली गेली. खटका सोडायचा असतो हे सुबोधला माहीत होतं. त्या घटकेला त्याची बोटं त्याचं ऐकत नव्हती, एवढंच.

डॉक्टर अमिता धावत वर आल्या. त्यांनी आधी मनगट चेपून पाहिलं आणि मग “मी काय म्हटलं होतं?” असं विचारलं. सुबोधच्या मते हा क्रम उलटा असता तरी चाललं असतं, इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“यात यंत्राचा दोष नाही,” सुबोध म्हणाला. “पातेलं हलकं पडलं. बर्फ अचल पाहिजे. माणूस बर्फावर उभा असतो, बर्फ माणसाभोवती फिरत नाही.”

“बास आता,” क्षमा साडीचा फाटका पदर हातात घेऊन म्हणाली. “हे आहे तसं न्या आणि द्या.”

“आणि तिथे त्यांचं मनगट गेलं तर? सगळं विनिपेग म्हणेल, सुनेच्या बापानं दिलेल्या वस्तूनं हात मोडला. आपल्या पोरीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल.”

यावर मात्र क्षमानं फाटक्या पदराची घडी घातली. कारण हे खरं होतं. विहीणबाई चांगल्या होत्या, पण चांगल्या बायकाही मोडलेला हात विसरत नाहीत.

म्हणून नसरुद्दीन. त्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं की शीतगृहात या, लाद्या अंथरून ठेवतो, वर नाच करा. सुबोध, क्षमा आणि ‘कुणीतरी डॉक्टर बरोबर असावा’ म्हणून आपणहून आलेल्या अमिता, असे तिघे दम्मामला गेले. बाहेर लोक हाफशर्टात हिंडत होते आणि सुबोध कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून गाडीतून उतरला. गेटवरच्या पहारेकऱ्यानं त्याला आजारी समजून खुर्ची दिली.

आत बर्फाच्या लाद्या एकाला एक लावून छान ओटा केला होता.

“खाली काय आहे?” सुबोधनं इंजिनियराच्या सावधपणानं विचारलं.

“खाली थर्माकोलची खोकी. रिकामी. जमीन गार हाय, लादी चिकटू नये म्हनून,” नसरुद्दीन म्हणाला. “तुमी बिनघोर मारा भोक. सगळा बर्फ माझ्या अंगावर.”

सुबोध ओट्यावर चढला. पाय घसरला, सावरला. क्षमानं डोळे मिटले. अमितांनी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, वैद्यकीय नोंदीसाठी, असं त्या आजही सांगतात. सुबोधनं पाय रोवले, खटका दाबला, आणि काय सांगावं! गिरमिट गाऊ लागलं. बर्फाचा भुगा दोन्ही बाजूंना उडाला, पातं सरळ रेषेत खाली निघालं, मनगटाला झटका नाही, काही नाही. सुबोधच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो संपदाच्या जन्मानंतर क्षमानं पाहिलेला नव्हता. “बघितलंत?” तो यंत्राच्या आवाजावर ओरडला. “चिखलातला माणूस म्हणे! बघा!”

लादी संपली, आणि पातं थर्माकोलमधून चर्रकन गेलं. मग एक वेगळाच, ओलसर आवाज आला, आणि शेवटी खट्ट. सुबोधनं बटण सोडून मळसूत्र वर ओढलं. त्याच्यावर एक भली मोठी सुरमई आडवी अडकून वर आली.

अल्लाच्या या वाळवंटात बर्फाला भोक पाडून मासा धरणारा बहुधा तो पहिलाच माणूस असावा, आणि तो कानटोपी घालून ती सुरमई हातभर लांब धरून उभा होता. शाकाहारी माणूस. मासा कुठे धरावा हेही त्याला कळत नव्हतं.

“या अल्ला! माझा उद्याचा माल!” नसरुद्दीन किंचाळला.

“तुम्ही रिकामी म्हणालात!”

“म्या रिकामी ठेवायला सांगितलं होतं! कोणी भरली मला काय ठाव? आनि तुमी इंजिनेर ना? हाताला कळत न्हाई, बर्फ संपला का मासा लागला?”

“तेलाच्या विहिरीत सुरमई लागत नाही!” सुबोध ओरडला. भांडण चांगलं रंगलं. शेवटी भोक पडलेल्या सगळ्या सुरमया पैसे मोजून गळ्यात घेऊन तिघे बाहेर पडले, आणि अमितांनी त्या मोठ्या मनानं स्वतःच्या घरी ठेवून घेतल्या.

पण खरा घाव पार्किंगमध्ये बसला. सुबोधनं पातं पुसलं तेव्हा दिसलं, धार तुटलेली. माशाखालच्या लाकडी फळीतला खिळा लागला होता. व्याह्यांचा आहेर, बेअब्रू सोसून सोडवलेला, आता तुटका होता. तसली पाती सौदीत मिळत नव्हती. नवं मागवावं तर संक्रांत उलटून जाणार, आणि पुन्हा ते बागेचं सामान होणार. सुबोध गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला आणि तुटक्या धारेवरून अंगठा फिरवत राहिला. क्षमाला हे त्याच्या ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. तिनं त्याची कानटोपी काढली, कारण त्याला घाम फुटला होता, आणि म्हणाली, “चला घरी. हलव्याचे दागिने तर आहेत ना तयार. तेवढं पुरे.”

घरी पोचेपर्यंत वैद्यकीय नोंद मंडळाच्या ग्रुपवर गेली होती. ग्रुपवरून कुणाच्या मेव्हण्याकडे, मेव्हण्याकडून टोरांटोला, आणि टोरांटोहून विनिपेगला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘चिखलात कमळ ऐकलं होतं, बर्फात सुरमई पहिल्यांदाच पाहिली.’ हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली होती. सुबोधनं मोबाइल पालथा ठेवला. मंडळाचा राजीनामा लिहायला घेतला, पण ‘तीव्र निषेध’च्या पुढे सुचेना.

तेवढ्यात फोन वाजला. अशोकराव. एकटेच, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले.

“हसायला फोन केलात ना?” सुबोधनं नमस्कारही न करता विचारलं. “हसा. हक्क आहे तुमचा. पातं तुटलंय, तेही सांगून टाकतो. तुटकी वस्तू मी व्याह्यांना देणार नाही. पण एवढंच ध्यानात ठेवा की भोक सरळ पडलं होतं!”

“सुबोधराव,” अशोकराव म्हणाले, “हे सगळं तुम्ही माझ्यासाठी केलंत?”

“मग काय खजुरासाठी?”

अशोकरावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “पात्याचं सोडा, ते इथे कोपऱ्यावर मिळतं. तुम्हाला खरं सांगू का? मला बर्फावर जायचंच नव्हतं. मला पाय ठेवायची भीती वाटते. पण इथे हिवाळ्यात माणूस दिसत नाही हो. पोरं कामावर, रेखाची तिची मंदिरातली मंडळी. समोरचा शेजारी दर शनिवारी चारपाच जणांना घेऊन तळ्यावर जातो. मी खिडकीतून हात करतो. तोही हात करतो, आणि गाडी निघून जाते. तीन हिवाळे झाले. म्हटलं, आपल्या दारात एक ऑगर दिसला, तर कदाचित म्हणेल, चला.”

सुबोध ऐकत होता. महिनाभराचा संताप त्याच्या अंगात होताच, त्याला फक्त आजवर नीट पत्ता मिळाला नव्हता.

“तीन हिवाळे?” तो म्हणाला. “आणि ‘चला’ म्हणाला नाही? कोण आहे हा मनुष्य? रीतभात काही आहे की नाही तिकडे? समोर एक वडीलधारा माणूस खिडकीत उभा राहतो आणि हा नुसता हात हलवून जातो?”

“अहो, त्यांच्याकडे तसंच असतं...”

“तसंच असतं म्हणजे काय! आमच्या इथे तो हाशिर, धड ओळख ना देख, त्यानं मला चहा पाजला! नसरुद्दीननं लाद्या अंथरल्या! ती डॉक्टर बया न बोलावता येते!” सुबोध उभाच राहिला. मागे क्षमानं गॅस बंद केला आणि ती दारात येऊन थांबली. “तुम्ही आता काही बोलू नका, अशोकराव. पातं घेऊन ठेवा. मी गिरमिट घेऊन येतोय. संक्रांतीच्या आठवड्यातल्या शनिवारी आपण दोघांनी तळ्यावर जायचं. तुम्ही काठावर खुर्ची टाकून बसायचं, बर्फावर मी जातो.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते,” सुबोध म्हणाला. “प्रचंड वाटते. पण तो प्रश्न वेगळा आहे. आणि त्या शेजाऱ्याला आजच सांगून ठेवा.”

“काय सांगू?”

“सांगा, त्या शनिवारी जमणार नाही म्हणावं, माझा व्याही येतोय.”